बी.ए. संगीतच्या पहिल्याच वर्षी बंदिश बांधायला लावा

विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. इतकी जुनी परंपरा असलेल्या या शहरातही महाविद्यालयीन संगीताभ्यासात ‘शास्त्र’ म्हणजे रागांच्या नियमांचा लेखी विषय बहुतेक वेळा वहीतच राहतो, असे माझे अनेक विद्यार्थ्यांशी बोलून झालेले मत आहे.

मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांचेच पाहा. तिन्हींत ऋषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. तिघांचा थाट, म्हणजे रागांच्या वर्गीकरणातला गटही, मारवाच. एवढे लिहिले की गुण मिळतात. प्रत्यक्षात मारव्याचा भर ऋषभ-धैवतावर (रे-ध) असतो आणि षड्जावर (सा) फारसे रेंगाळता येत नाही. पूरिया मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकांत गंधार-निषादाच्या (ग-नी) आधाराने उलगडतो. सोहनीची धाव तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, असते. व्याख्या पाठ असलेल्या मुलामुलींनाही समोर कोणी आलाप घेतला तर यांतला कोणता राग चालला आहे, हे सांगताना अडखळायला होते.

म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येकाला या तीन रागांत तीनतालातली (सोळा मात्रांच्या तालातली) एकेक छोटी बंदिश, म्हणजे राग-तालात बसवलेली गीतरचना, बांधायला लावावी, नवव्या मात्रेवरून मुखडा (सुरुवातीचा तुकडा) उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणणारी. मारवा बांधायला बसलेल्याने सम गंधारावर ठेवली आणि तिथेच घोळत राहिला, तर पूरिया कधी डोकावू लागला हे त्याचे त्यालाच ऐकू येईल. समेवर शब्दाचे भलतेच अक्षर आपटले, तर तेही कानाला खटकेल.

‘आधी शंभर बंदिशी घोटा, मग बांधण्याचे बघू’, असे बुजुर्ग म्हणतात. घोटायला हव्यातच, पण त्यासाठी बांधणे लांबणीवर कशाला टाकायचे? विद्यार्थ्यांच्या या बंदिशी बहुधा सुमार होतील. त्या कुठे सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचावर गायच्या आहेत!

बांधलेली बंदिश स्वरलिपीत लिहून ती वर्गातल्या दुसऱ्या कोणाकडून, आधी न ऐकवता, गाऊन घ्यावी. स्वरलिपीच्या दोन पद्धती आहेत: भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो आणि पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र. दोन्हींची सरमिसळ झालेला कागद गाताना काय गोंधळ उडतो, हे एकदा अनुभवले की स्वरलेखनावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

गुण द्यायचेच असतील, तर ते बंदिशीच्या सौंदर्याला नकोत. ‘समेवर हाच स्वर का ठेवलास?’ असे तोंडी परीक्षेत विचारावे, आणि उत्तर बोलून नव्हे, गाऊन मागावे.