क्रिप्टोचा शॉर्ट आणि ‘धीर धरणारा जिंकतो’ हा दावा

‘बाजार पडला तर घाबरू नका, शॉर्ट करा’, म्हणजे भाव पडण्यावर पैसे लावा, अशी सुरुवात असलेला एक मजकूर बरेच दिवस या ना त्या मार्गाने माझ्यापर्यंत येत होता आणि मी तो न वाचल्यासारखा बाजूला ठेवत होते. या आठवड्यात तो माझ्या भाच्याकडून आला. खाली त्याने लिहिले होते, “मावशी, यात चूक काय आहे? साठवलेल्यातले निम्मे लावायचा विचार आहे.” त्यामुळे आता उत्तर देणे भाग आहे.

मजकुराचे म्हणणे असे आहे: ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर क्रिप्टो शॉर्ट करताना काहीही उसने घ्यावे लागत नाही, दहापट लीव्हरेज घेतले, म्हणजे लावलेल्या रकमेच्या दहापट सौदा केला, की नफा दहापट होतो, तोटा मात्र लावलेल्या रकमेपुरताच राहतो, स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा आपोआप बंद करण्याची ऑर्डर, लावला की तीही चिंता नाही, शॉर्ट धरून ठेवणाऱ्याला दर आठ तासांनी व्याज मिळते, आणि प्रत्येक नाणे कधी ना कधी पडतेच, म्हणून धीर धरणारा जिंकतो.

उसनवारीचा मुद्दा बहुतांशी खरा आहे. शेअर उसने घेऊन विकायचे आणि पुढे स्वस्तात घेऊन परत करायचे, ही शॉर्टची जुनी रीत. क्रिप्टोत मात्र बहुतेक शॉर्ट पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये होतात आणि तो केवळ भावावरचा, मुदत नसलेला करार असतो. पण उसनवारी नाही म्हणून जोखीम कमी होत नाही. नाणे शून्यावर गेले तरी शॉर्टचा नफा विकल्या किमतीच्या शंभर टक्क्यांवर थांबतो. भाव वर किती जाईल याला मात्र कोणतीही मर्यादा नाही.

सर्वांत घातक वाक्य शेवटचे आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचे वाटते. लीव्हरेज घेतलेल्या माणसाच्या हातात धीर धरणे उरतच नाही. १,००० डॉलर मार्जिनवर, म्हणजे स्वतः लावलेल्या रकमेवर, १०,००० डॉलरचा शॉर्ट घेतला आणि भाव दहा टक्के चढला, तर मार्जिन संपते. प्रत्यक्षात किमान मार्जिनची अट असल्यामुळे प्लॅटफॉर्म त्याआधीच पोझिशन लिक्विडेट करतो, म्हणजे चालू सौदा सक्तीने बंद करतो. दहा टक्क्यांची उसळी या बाजारात दुर्मीळ नाही. २ एप्रिल २०१९ रोजी बिटकॉइन तासाभराच्या आसपास सुमारे वीस टक्के चढले होते.

आता २०२२ हे वर्ष घ्या, कारण ते शॉर्ट करणाऱ्यांचे वर्ष म्हणून सांगितले जाते. समजा, एकाने जानेवारीच्या अखेरीस सुमारे ३५,००० डॉलरला बिटकॉइन शॉर्ट केले. त्याचा अंदाज पूर्णपणे बरोबर होता: त्याच नोव्हेंबरात भाव १६,००० च्याही खाली गेला. परंतु मधल्या काळात, मार्च संपता संपता, तोच भाव ४८,००० पर्यंत चढून आला होता. दहापट लीव्हरेजवाला फेब्रुवारीतच बाहेर फेकला गेला असता आणि अगदी तिपटीवालाही मार्चअखेर टिकला नसता, कारण ४६,६०० च्या पुढे त्याचे सगळे मार्जिन संपते. तगला असता तो फक्त दुप्पट किंवा त्याहून कमी लीव्हरेज घेणारा. नाणे पडणार हे ओळखूनही पैसे जातात ते असे, आणि मजकुरात या मधल्या वाटेबद्दल एक शब्दही नाही.

दुप्पट हा आकडा मी सोयीने निवडलेला नाही. युरोपीय संघाच्या रोखे व बाजार नियामकाने, म्हणजे ईएसएमएने, २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी सीएफडीवर, म्हणजे वस्तू न घेता फक्त तिच्या भावातल्या फरकावर केलेल्या करारांवर, निर्बंध आणले, तेव्हा क्रिप्टोसाठीची लीव्हरेजची मर्यादा नेमकी दुप्पट ठेवली होती, तर मुख्य चलनांच्या जोड्यांसाठी ती तीसपट होती. त्याच निर्णयात राष्ट्रीय नियामकांच्या पाहणीचा आधार दिला होता: किरकोळ ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. हा आकडा सीएफडीचा आहे आणि त्यात शॉर्टबरोबर लाँगही, म्हणजे भाव चढण्यावर लावलेले सौदेही, येतात, हे मान्य. तरीही लीव्हरेज घेऊन भावाच्या दिशेवर पैसे लावणे हा व्यवहार तोच आहे. ब्रिटनच्या नियामकाने तर ६ जानेवारी २०२१ पासून किरकोळ ग्राहकांना क्रिप्टो डेरिव्हेटिव्ह, म्हणजे क्रिप्टोच्या भावावर आधारलेले करार, विकण्यावरच बंदी घातली.

तोटा लावलेल्या रकमेपुरता राहतो, हे अर्धसत्य आहे. पोझिशन आयसोलेटेड मार्जिनवर, म्हणजे फक्त तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेवर, असेल तर साधारणपणे तसे होते. क्रॉस मार्जिनवर असेल तर खात्यातली बाकीची शिल्लकही त्याच पोझिशनला वाचवण्यासाठी वापरली जाते आणि एका चुकीच्या शॉर्टपायी सगळे खाते रिकामे होऊ शकते. नवख्या माणसाला हा फरक सांगितल्याशिवाय ते वाक्य पुढे पाठवणे बेजबाबदारपणाचे आहे.

स्टॉप लॉसबद्दल एवढेच की ती हमी नाही, केवळ ऑर्डर आहे. ठरलेला भाव आला की ती बाजारात जाते आणि त्या क्षणी जो भाव मिळेल त्याला पुरी होते. उसळी वेगाची असेल तर तो भाव बराच वरचा असतो, आणि हा बाजार रात्रीही बंद होत नाही.

व्याजाचा मुद्दा मला नाइलाजाने काही प्रमाणात मान्य करावा लागेल. ते व्याज नसून फंडिंग, म्हणजे लाँगवाले आणि शॉर्टवाले यांच्यातली ठरावीक वेळाने होणारी देवघेव, आहे, आणि बाजार तेजीत असताना लाँगवाले शॉर्टवाल्यांना ते देतात, हे खरे आहे. पण सगळेच शॉर्टकडे धावले की दर उणे होतो आणि देणे शॉर्टवाल्यांवर येते. म्हणजे हा मजकूर वाचून ज्या घबराटीत लोक शॉर्ट करायला जातील, नेमके तेव्हाच हे ‘व्याज’ त्यांच्या खिशातून जाण्याची शक्यता अधिक असते.

आणि सगळे जुळून आले तरी? १० ऑक्टोबर २०२५ रोजी, अमेरिकेने चिनी मालावर शंभर टक्के जादा आयातशुल्काची घोषणा केल्यावर, क्रिप्टो बाजार कोसळला आणि एका दिवसात १९ अब्ज डॉलरहून अधिक पोझिशन लिक्विडेट झाल्याचे नोंदले गेले. त्या रात्री काही प्लॅटफॉर्मवर ऑटो-डीलिव्हरेजिंग सुरू झाले. हरणाऱ्यांचा तोटा भरून निघत नसेल, तर नफ्यातल्या पोझिशन सक्तीने बंद करण्याची ती तरतूद आहे. भाव पडत असताना अनेकांचे नफ्यातले शॉर्ट त्यांना न विचारता बंद झाले. ज्यांनी हातातल्या नाण्यांना संरक्षण म्हणून शॉर्ट घेतला होता, त्यांची नाणी पडतच राहिली आणि संरक्षण निघून गेले. नियमावलीत हे लिहिलेले असते. पुढे पाठवलेल्या मजकुरात नसते.

भाच्याला मी एक गोष्ट वेगळी दाखवली. मजकुराच्या तळाशी खाते उघडण्यासाठी एक दुवा आहे आणि त्यात पाठवणाऱ्याचा रेफरल कोड आहे. प्लॅटफॉर्मचे शुल्क मार्जिनवर नव्हे, पूर्ण पोझिशनवर लागते. ते ०.०५ टक्के धरले तरी दहापट लीव्हरेजवर एकदा शॉर्ट घेऊन बंद करण्यातच मार्जिनचा एक टक्का जातो, आणि रेफरल कोडवाल्याला त्या शुल्कातला वाटा मिळतो, भाच्याचा शॉर्ट नफ्यात गेला तरी आणि लिक्विडेट झाला तरी.