सात बेटं आणि सातवी ब

सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात पुठ्ठ्याची सात बेटं घेऊन चढू नये. बी.एड. दोन वर्षांचं असूनही एवढी साधी गोष्ट तिथे कुणी शिकवत नाही. डोंबिवलीला चढले तेव्हा निळ्या कार्डशीटच्या समुद्रात कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ऐटीत सुटे सुटे उभे होते. दादरला उतरले तेव्हा माहीम वरळीवर चढलं होतं आणि धाकटा कुलाबा कुणाच्या तरी ओढणीला चिकटून भायखळ्याकडे निघून गेला होता. बेटांमधल्या खाड्या बुजवायला इंग्रजांच्या कित्येक पिढ्या खपल्या. गर्दीनं ते काम तासाभरात उरकलं.

परळची शाळा, सातवी ब, माझा चौथा सराव पाठ. त्याआधी सूक्ष्म पाठ आम्ही कॉलेजात एकमेकींवरच घेतले होते. सहा मिनिटं शिकवायचं, समोर मैत्रिणी विद्यार्थिनी होऊन बसलेल्या. त्यातली एक दोन मुलांची आई, पण प्रश्न विचारायचा अवकाश, हात वर! सातवी ब तशी नसते.

पाठाचं नाव आपण आधी सांगायचं नाही, असा नियम आहे. प्रश्न विचारत विचारत ते मुलांच्याच तोंडून काढायचं, मग हेतुकथन, म्हणजे ‘आज आपण अमुक शिकणार आहोत’ असं जाहीर करणं, मग फळ्यावर शीर्षक. पाठ टाचणात माझ्या प्रश्नांसमोर मुलांची उत्तरंही मीच लिहिली होती. मुलांनी टाचण वाचलेलं नसतं, एवढीच काय ती अडचण.

“चारही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला काय म्हणतात?”

“हिंदमाता!”

वर्ग खिदळला. चूक तरी कसं म्हणू? जुलैत मी स्वतः त्या हिंदमाता चौकात गुडघाभर पाण्यात उभी होते. शेवटच्या बाकावर निरीक्षक मॅडमचं पेन चालू झालं. “छान! आणखी कोण सांगेल?” मी म्हटलं. (‘छान’ म्हणजे प्रबलन, साध्या भाषेत शाबासकी. त्याला आम्हाला गुण असतात.)

पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “बेट. टीचर, आता हेतुकथन करा. आणि फळ्यावर तारीख राहिलीय.”

या वर्गावर दरवर्षी आमच्यासारख्यांची फौज येते. माझा चौथा पाठ होता. तिचा बहुधा चाळिसावा.

पुढे गाडी जरा रुळावर आली. १६६१ च्या विवाहाच्या तहात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, हे ऐकून मुलींनी नाकं मुरडली. १६६८ मध्ये राजानं तीच मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिली म्हटल्यावर मागून आवाज आला, “टीचर, डिपॉझिट किती?”

परळमधल्या मुलानं विचारावा असाच प्रश्न. टाचणात उत्तर नव्हतं.

मग मी शैक्षणिक साधन उघडलं. एकानं बोटांवर बेटं मोजली. “सहाच आहेत.”

“एक भरणीत गेलं,” मी म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली. उपयोजन, म्हणजे शिकलेलं मुलांकडून वापरून घ्यायची पायरी, राहिलं ते राहिलंच, गृहपाठ मी दारातून ओरडून दिला.

जिन्यात एक मुलगा धावत आला. निरीक्षक मॅडमशेजारी बसलेला तोच. “टीचर, टेन्शन नका घेऊ. ‘साधन अपूर्ण’ एवढंच लिहिलंय. गेल्या वर्षीच्या सरांना तर पानभर होतं.” मी आभार मानले. तो जरा घुटमळला.

“पुढचा पाठ गणिताच्या तासाला घ्याल?”