जुना रंग खरवडून काढण्याच्या सल्ल्याविषयी

नमस्कार.

रॅले या इंग्रजी कंपनीची जुनी रोड सायकल मूळ रंग राखून घरीच कशी साफ केली, यावर मी जे लिहिले, त्याखालची आपली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : हा गंजका सांगाडा घरी घासत बसण्यापेक्षा नाशकातल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगला (रंगाची पूड लावून ती भट्टीत पक्की करायला) टाकला असता, तर दोन दिवसांत नवा होऊन आला असता, जुना रंग सांभाळणे हे पोट भरलेल्या माणसांचे चोचले आहेत, गंज काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरायला सांगताना मी खबरदारी लिहिली नाही, नळ्या आतून किती गंजल्या आहेत हे तपासले नाही, आणि 27 इंची टायर शोधत फिरण्याऐवजी आपल्याकडे कुठेही मिळणारा 28 दीडचा (28 इंची, दीड इंच रुंद) टायर बसवायला हवा होता. वर, असले लेख वाचून पोरे चांगल्या सायकली बिघडवतील, असा शेराही आपण मारला आहे.

ॲसिडबद्दल आपले बरोबर आहे. ते विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरावे, लहान मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये आणि काम झाल्यावर सुटा भाग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ही सूचना लेखात सुरुवातीलाच हवी होती. ती आता तिथे घातली आहे आणि त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

पण 'चोचले' हे जे आपण लिहिलेत, ते मला लागले, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून मी राहू शकत नाही. मतभेद असायला हरकत नाही. परंतु ज्याच्याविषयी आपल्याला काहीही माहिती नाही, त्याच्या खिशाचा आणि रिकाम्या वेळेचा हिशेब चारचौघांत मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझ्या वडिलांचे जुन्या नाशकात, रविवार कारंजापासून जवळ, सायकलीचे दुकान होते. तासावर भाड्याने सायकली देणे, पंक्चर काढणे, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणे आणि पावसाळा संपला की ओव्हरहॉलिंग, यावर आमचे घर चालले. शाळेतून आल्यावर रॉकेलच्या ताटलीत छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) धुऊन मोजून ठेवणे हे माझे काम होते. मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचे, पाव इंची छर्रे एका बाजूला नऊ, बी.बी.चे (बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या जागेचे) अकरा. एखादा कमी भरला तर तो सापडेपर्यंत उठायचे नाही. पायडलचा दांडा (क्रँक) आसाला पक्का करणारी कॉटर पिन काढताना वडील क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा टेकवत, म्हणजे हातोडीचा दणका पाइपावर जाई आणि आतल्या छर्ऱ्यांना व ते बसतात त्या कपांना धक्का लागत नसे; नट पूर्ण न काढता टोकाशी ठेवून त्यावर ठोकत, म्हणजे पिनेचे आटे शाबूत राहत. ही शिस्त ज्या घरात पोटासाठी शिकवली गेली, त्या घरातल्या माणसाला आपण चोचले करणारा म्हणता.

आता रंगाकडे येतो. पावडर कोटिंगविषयी माझ्या मनात आकस नाही. भट्टीत फ्रेमचे जोड सुटतात अशी भीती काही जण घालतात, ती मला मान्य नाही. ते कोटिंग साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला पक्के होते आणि नळ्या जोडणारे ब्रेझिंगचे पितळ वितळायला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. नवी सायकल, फाटकाचे गज, खुर्च्या यांना ते उत्तमच. परंतु कोटिंगच्या आधी फ्रेम धातूपर्यंत उघडी करावी लागते, आणि ते काम रसायनाने किंवा वाळूच्या माऱ्याने होते. माझ्या फ्रेमच्या मुख्य नळ्या रेनॉल्ड्स 531 च्या आहेत. मँगनीज आणि मॉलिब्डेनम असलेले हे पोलाद 1935 मध्ये बाजारात आले आणि त्याच्या नळीची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. गेट आणि ग्रिलवर ज्या जोराने मारा करतात, त्याच जोराने तिच्यावर केला तर काय उरेल याचा विचार आपण केला आहे का?

त्याहून मोठे नुकसान आट्यांचे होते. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार झालेल्या रॅलेच्या बी.बी.ला इंचाला 26 आटे असतात; इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना 24. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो वेगळाच. कोटिंगची पावडर त्या आट्यांत बसली की ते साफ करण्यासाठी कोणीतरी हाताशी असलेला 24 चा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवणार, दोन वळसे घट्ट जाणार, तिसऱ्याला जोर लावणार आणि बी.बी. कायमचे वाया जाणार. ही माहिती फ्रेम टाकणाऱ्याला नसते, घेणाऱ्यालाही नसते. ज्याने कप स्वतः उघडला त्यालाच ती असते, आणि म्हणूनच हे काम मी घरी केले.

सीट ट्यूबवरचे 531 चे ट्रान्स्फर (चिकटवलेले छापील चिन्ह) आणि पुढच्या नळीवरचा बगळ्याचा बिल्ला हे त्या सायकलीचे स्वतःचे आहेत. साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने काळा थर उतरल्यावर ट्रान्स्फरची सोनेरी कड हळूहळू दिसू लागली. थिनर लावला असता तर काजळीबरोबर तीही गेली असती. नवा रंग कोणीही, केव्हाही मारून घेऊ शकतो. गेलेला मूळ रंग कोणालाच परत आणता येत नाही.

टायरबद्दल लिहायचे तर 28 दीडचा टायर 635 मिलिमीटरच्या रिमसाठी असतो आणि 27 इंचीची रिम 630 ची असते, म्हणजे आपण सुचवलेला टायर त्यावर सैल बसेल आणि उतारावर निघेल. पोरांच्या सायकली बिघडण्याची चिंता वाहणाऱ्याने निदान हे तरी पाहून लिहायला हवे होते. नळ्यांच्या आतल्या गंजाचा मुद्दा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एका ओळीत टोमणा म्हणून टाकलेल्या प्रश्नाला इथे उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

याच नाशकातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि तेव्हापासून इथे महागड्या सायकली घेणाऱ्यांची संख्या वाढलेली मी पाहतो आहे. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच शहरातल्या जुन्या वाड्यांच्या जिन्याखालून पोलादी रोड सायकली भंगारवाल्याच्या हातगाडीवर वजनाने जातात, हेही मी पाहतो, आणि आपल्यासारखा जाणता वाचक त्यांना 'गंजका सांगाडा' म्हणतो तेव्हा ती हातगाडी भरायला हातभारच लागतो.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचे असेल तर कामाविषयी जरूर लिहावे. माझ्या पोटापाण्याविषयी लिहिले, तर मात्र उत्तर मिळणार नाही.