कुमाऊंला जाताय? मग आदल्या रात्रीच कुळीथ भिजत घालायला सांगा

दिवाळीनंतर आठ दिवस उत्तराखंडातल्या कुमाऊंला जाऊन आलो, काठगोदामला उतरून भीमताल, अल्मोडा, कौसानी असं. आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, "तिकडे व्हेजवाल्यांचे खायचे हाल होतात ना?"

अजिबात होत नाहीत. त्या डोंगरात शाकाहारी माणसाला खायला इतकं आहे की आम्हाला आठ दिवस पुरले नाहीत. फक्त ते मेन्यूकार्डावर नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिले दोन दिवस एका बऱ्यापैकी हॉटेलात होतो. पनीर बटर मसाला, दाल फ्राय, मिक्स व्हेज, सकाळी ब्रेड-बटर. पहाडी काही मिळेल का विचारलं तर वेटर म्हणाला टुरिस्ट लोक खात नाहीत साहेब. दुपारी मागच्या बाजूला स्टाफ जेवायला बसला होता, हाच मुलगा बागेश्वरकडचा, त्याच्या ताटात भात आणि त्यावर काळपट दाट आमटीसारखं काहीतरी. विचारलं तर म्हणाला भट्ट की चुडकानी. भट्ट म्हणजे तिकडचं काळं सोयाबीन, लोखंडी कढईत मोहरीच्या तेलात तडतडेपर्यंत परततात, मग त्यातच पीठ भाजून पाणी घालून आटवतात. इतकं चांगलं जेवण त्याच किचनमध्ये शिजतंय आणि आम्ही पैसे मोजून पनीर खातोय, मला खरंच फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी कौसानीच्या खालच्या एका गावात होमस्टेला गेलो. घरातले दाज्यू (तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात) अगदी प्रेमाने म्हणाले, पनीर मागवून ठेवू का? बायको म्हणाली नको हो दाज्यू, तुम्ही घरी जे खाता तेच द्या. हे ऐकून आतून त्यांची आई, आमा, बाहेर आली आणि म्हणाली गहत खाणार का, पण आज नाही होणार, रात्री भिजवावे लागतील, उद्या करते.

या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. पहाडी जेवण हे ऑर्डर दिली आणि वीस मिनिटांत आलं असलं प्रकरणच नाही. कडधान्य रात्री भिजणार, सकाळी सिलबट्ट्यावर (पाटा-वरवंट्यावर) वाटलं जाणार, मग तास-दीड तास चुलीवर. आपण संध्याकाळी सात वाजता पोचतो, आठला जेवायला मागतो आणि मग म्हणतो इथे लोकल काही मिळतच नाही. कसं मिळेल?

त्या रात्री आलू के गुटके, मंडुव्याची रोटी, तूप आणि काकडीचा रायता. रायत्यात मोहरी वाटून घातलेली असते, पहिल्या घासाला थेट नाकात जाते. दुसऱ्या दिवशी गहत के डुबके. वाटण रवाळ ठेवलेलं, लोखंडी कढईचा काळसर रंग उतरलेला, वर जंबूची फोडणी. जंबू म्हणजे उंचावर येणारी एक पाती, वाळवून ठेवतात, तुपात पडली की घरभर वास. (कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र आधी सांगा, जंबू त्याच कुळातली आहे.) बायको रत्नागिरीची, पहिला घास घेऊन गप्पच बसली, मग म्हणाली अरे हे तर आपले कुळीथ!

आणि खरंच गहत म्हणजे कुळीथ. मंडुवा म्हणजे नाचणी. चौलाई म्हणजे राजगिरा. झंगोरा आपल्या उपासाच्या भगरीच्या गोतातला, त्याची ते खीर करतात. फोडणीतला जखिया म्हणजे आपल्याकडे बांधावर तण म्हणून उपटून फेकतो ती पिवळी तिळवण, तिचं बी. मराठी माणसाला ते जेवण परकं वाटायचं काही कारणच नाही.

म्हणूनच मला ते टूरबरोबर महाराज नेऊन हिमालयात श्रीखंड-पुरी जेवणं पटत नाही. सोबत ऐंशीच्या आजी असतील, कुणाला पथ्य असेल, तर वरणभात हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण धडधाकट माणसांनी आठही दिवस? नंदादेवीचं दर्शन घ्यायचं आणि तिच्या पायथ्याशी काय पिकतं ते तोंडाला लावायचं नाही?

दाज्यू सांगत होते, गावातली निम्मी घरं बंद आहेत, शेतात माकडं आणि रानडुकरं येतात, मंडुवा पेरायचा कुणी आणि राखायचा कुणी. 2023 मध्ये तिथल्या मंडुवा, झंगोरा, गहत, काळा भट्ट या सगळ्यांना जीआय मानांकन (हे त्या भागाचंच खास, अशी अधिकृत नोंद) मिळालं, छान झालं, पण खाणारा लागतो ना हो. आपण पाहुणे म्हणून रोज पनीर मागणार तर ते खालून, हल्द्वानीच्या बाजारातून येणार.

तेव्हा बुकिंगच्या फोनवरच विचारा, सध्या घरात काय आहे, काय भिजवाल? मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बुरांशचं (तिकडच्या लाल डोंगरी फुलांचं) सरबत, उन्हाळ्याच्या तोंडाला काफळ हे रानफळ, पावसाळ्यात लिंगुड्याची (नेच्याच्या कोवळ्या कोंबांची) भाजी, थंडीत गहत आणि भट्ट. पालकाचा कापा कधीही मागा, तांदळाचं पीठ लावून करतात. अल्मोड्याची बाल मिठाई सगळेच आणतात, पण मालूच्या पानात गुंडाळलेली सिंगोडीही घ्या, पानाचा वास खव्यात उतरलेला असतो.

निघायच्या दिवशी बॅगा भरून झाल्या होत्या, आमाने स्वतःहून अंगणात उन्हात बसवलं. मोठं पहाडी लिंबू सोललं, फोडी मोकळ्या केल्या, मुळा चिरला, दही, गूळ, आणि भांगेच्या भाजलेल्या बिया मिरची-मिठाबरोबर वाटून घातल्या (बियांनी नशा होत नाही, घाबरू नका). नींबू सान. हाताने कालवून एकाच परातीत समोर ठेवलं. म्हणाली, हे पाहुण्यांना कधी देत नाही, कुणी मागतच नाही. गाडीवाला खालून हॉर्न देत होता, आम्ही परात रिकामी करूनच उठलो.