सेन्सर सीटखाली पाइपात ठेवला, तर टायरची हवा कोण सांगणार?

काल रात्री साताऱ्याहून भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, रविवारी हेच करतो.’ तोच व्हिडिओ गेल्या आठवड्यात आमच्या रायडिंग ग्रुपवर तीनदा येऊन गेला. त्यातलं म्हणणं असं: बाइकच्या टायरमधला हवेच्या दाबाचा सेन्सर बंद पडला तर नवा घेऊ नका. कापा, कुठलाही बटन सेल जोडा, एम-सीलने बुजवा. तरीही डिस्प्लेवरचा इशाऱ्याचा दिवा विझला नाही तर सेन्सर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला, 33 पीएसआय हवा भरा, तोंडं बंद करून सीटखाली ठेवा.

पाइपाचं आधी बोलतो, कारण त्याने जीव जाऊ शकतो. चाक फिरल्याशिवाय जागे न होणारे सेन्सर तिथे गप्पच राहतील. पण जे उभ्या गाडीतही सिग्नल देतात, ते पाइपातली हवा दाखवत बसतील. पसरणी घाटात पुढच्या टायरमध्ये खिळा गेला, दाब 18 वर आला, तरी डिस्प्लेवर 33! कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, आतून तापतो, वळणावर हँडल जड होतं. खिळा लागला तरी ट्यूबलेसची हवा बहुतेकदा हळूहळू जाते, म्हणून वेळेत सावध होता येतं. सेन्सर बसवलाय तो तेवढ्यासाठीच. सेन्सर नसलेला माणूस निदान निघताना टायर बघतो. पाइपवाला मात्र डिस्प्लेवरचा आकडा बघून निघेल, आणि मागे कुणीतरी बसलेलं असेल.

‘कुठलाही सेल चालतो’ हे साफ खोटं. एनर्जायझरच्या सीआर2032 या नेहमीच्या बटन सेलच्या डेटाशीटमध्ये तापमानाची मर्यादा उणे 30 ते 60 अंश सेल्सिअस दिली आहे. मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या ब्रेक डिस्कशेजारच्या रिममध्ये तो किती टिकेल? अशा कामासाठी पॅनासोनिक बीआर2450ए सारखे सेल वेगळे बनवते, ते 125 अंशांपर्यंत चालतात. आणि व्हिडिओत तर सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवलंय. लिथियम 180 अंशांना वितळतं, आयर्नचं टोक 300 च्या पुढे असतं. सेल फुटला तर तोंडावरच फुटेल.

एम-सीलचा हिशोब साधा आहे. ताशी 100 किलोमीटरला सतरा इंची रिमजवळ गुरुत्वाच्या साधारण 175 पट ओढ बसते. 10 ग्रॅमचा गोळा पावणेदोन किलोच्या जोराने सुटायला बघतो.

बहुतेक वेळा सेलच संपलेला असतो, एवढं मात्र मान्य करावं लागतं. वॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर तर उघडण्यासाठीच बनवलेले असतात. त्यात बऱ्याचदा सीआर1632 सेल असतो. तो घरीच बदला, रबरी रिंग नीट बसवा, साबणाचं पाणी लावून गळती बघा. आतला सेन्सर टायर बदलताना नवा टाकून घ्या आणि गाडीत त्याची नोंद करून घ्या. तोवर सकाळी, टायर थंड असताना, गेजने हवा बघा.

भाच्याला लगेच फोन केला. पाइप त्याने आणूनही ठेवला होता. शनिवारी गेज घेऊन साताऱ्याला जातोय.