चेहरा गोल आहे, मग दुरुस्ती कसली?

‘चेहरा गोल असेल तर गोल फ्रेम घालायची नाही.’ हे वाक्य दुकानात सतत कानावर पडतं आणि दरवेळी मला राग येतो. नियमाचा नव्हे, त्यामागच्या समजुतीचा. अंडाकृती चेहरा तेवढा आदर्श, बाकीच्यांत काहीतरी कमी-जास्त झालेलं, आणि चष्मा, भांग, झुमके म्हणजे त्याची डागडुजी! चेहऱ्याचा आकार जरूर समजून घ्यावा. पण तो लपवायचाच असतो, हे कोणी ठरवलं?

मी इंदूरला चष्म्यांच्या दुकानात काउंटर सांभाळते. हल्ली मुली मोबाइलच पुढे करतात. सेल्फी बघून अ‍ॅपने आकार सांगितलेला असतो, ‘ताई, आता याला शोभेल अशी दाखवा.’ अगं, हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो. नाक मोठं येतं, कान मागे जातात, चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता दिसतो. त्यावरून काय आकार ठरणार? केस मागे बांधा आणि कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायला सांगा. नाहीतर शिलाईची टेप घ्या. कपाळाची रुंदी, गालांच्या हाडांमधलं अंतर, जबड्याची रुंदी आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी, एवढंच मोजायचं. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट आणि जबडा हळूहळू निमुळता होत गेलेला, तो अंडाकृती. दोन्ही जवळपास सारखी असतील आणि जबडा मऊ असेल तर गोल, कोनदार असेल तर चौकोनी. कपाळ रुंद आणि हनुवटी टोकदार म्हणजे बदामी, पत्त्यांतल्या बदामासारखा. बहुतेकांचा चेहरा दोन आकारांच्या मधेच कुठेतरी बसतो. शिवाय वजन बदललं, वय वाढलं, पुरुषांचे कपाळावरचे केस मागे गेले की आकारही बदलतो. आयुष्यभराचा शिक्का नाही तो.

आता ‘कोणत्या चेहऱ्याला कोणती फ्रेम’ सांगणाऱ्या तक्त्यांमागचं खरं सूत्र. चेहऱ्याच्या विरुद्ध आकाराची फ्रेम घेतली की त्याची रेघ सौम्य होते, सारख्या आकाराची घेतली की ठळक होते. कोनदार जबड्यावर गोल फ्रेम मवाळ दिसते, चौकोनी फ्रेम तोच जबडा पुढे आणते. लांबट चेहऱ्यावर उंच काचेची फ्रेम लांबी तोडते. तक्ता फक्त सौम्य करण्याचीच बाजू सांगतो. ठळक करायचं की सौम्य, ते ज्याचं त्याने ठरवायचं ना?

आमच्या इंदूरचंच उदाहरण घ्या. इंदूर संस्थानचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मॉन्व्हेलने काढलेली चित्रं इंटरनेटवर सापडतील. 1929 च्या चित्रात ते काळ्या पाश्चात्त्य पोशाखात उभे आहेत. काही वर्षांनंतरच्या चित्रात पांढरा मराठी पोशाख, डोक्यावर पगडी, गळ्यात मोठ्या हिऱ्यांचा हार. चेहरा लांब, अरुंद, देह सडपातळ. तक्ता म्हणाला असता, उभ्या रेषा टाळा, लांबी तोडा. चित्रकाराने दोन्हीकडे ती लांबीच खुलवली आहे, आणि तो चेहरा विसरता येत नाही.

खरं सांगायचं तर चष्म्याच्या बाबतीत आकाराच्या आधी मापं बघायला हवीत, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. काडीच्या आतल्या बाजूला 52-18-140 असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. बुबुळ काचेच्या मधोमध किंवा किंचित नाकाकडे यावं. नाकाचा पूल बसका असेल तर सरळसोट प्लॅस्टिकची फ्रेम घसरते आणि हसलं की गालांवर टेकून वर उचलली जाते. तिथे वाकवता येणारे नोज पॅड हवेत. मायनस नंबर मोठा असेल तर मोठ्या फ्रेममध्ये काचेच्या कडा जाड येतात, लहान फ्रेम बरी. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचेला उंची लागते, फार बुटकी फ्रेम घेतली तर खालचा वाचायचा भागच कापला जातो. चेहरा कुठल्याही आकाराचा असो, हे चुकलं तर चष्मा दिवसभर छळतो.

मध्यंतरी एक काकू कॉलेजातल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीने पातळ सोनेरी काडीची गोल फ्रेम उचलली, तर काकू म्हणाल्या, “ठेव ती. आधीच तोंड पुरीसारखं, त्यात हे!” मुलीने फ्रेम निमूट खाली ठेवली. मी म्हटलं, “काकू, तिला घालून तर बघू दे.” घातली. पूल बरोबर बसला, बुबुळं जागच्या जागी, गाल छान भरलेले दिसत होते. फ्रेम तिला सुरेखच दिसत होती, आणि मी तसं दोघींसमोर मोठ्याने सांगितलं. काकूंना ते फारसं पटलं नाही, पण मुलगी तीच फ्रेम घेऊन गेली.

इंदूरकर मंडळी, नवा चष्मा करायचा असेल तर सध्याच्या चष्म्याच्या काडीवरचे आकडे आणि तो नेमका कुठे त्रास देतो, ते कॉमेंटमध्ये लिहा. कोणत्या मापात बघायचं ते सांगते. चेहऱ्याचा फोटो पाठवायची गरज नाही.