वेकफिल्डला नशीबवान म्हणू नका

लेखात म्हटलंय की २००७ च्या रेड सॉक्स या बॉस्टनच्या बेसबॉल संघात खरी धास्ती पेड्रोया, एल्सबरी, बुखहोल्झ या नव्या पोरांचीच होती, त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) टिम वेकफिल्ड याचा नकलबॉल हा संथ, बेभरवशाचा चेंडू म्हणजे निव्वळ नशीब. मी न्यू जर्सीतला, त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी यांकीज संघाचा पक्का चाहता, तरीही हे पटत नाही. पोरं गुणी होतीच. पेड्रोया त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, बुखहोल्झने दुसऱ्याच सामन्यात नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. पण नशिबावर कुणी बॉस्टनमध्ये १७ हंगाम टिकत नाही हो! नखं चेंडूला टेकवून वेकफिल्ड ताशी जेमतेम शंभरेक किलोमीटरने सोडायचा, चेंडू जवळपास फिरायचाच नाही आणि शेवटच्या क्षणी कुठे वळेल ते चेंडू झेलणाऱ्या कॅचरलाही कळायचं नाही. कॅचर मिराबेली त्याच्यासाठी मुद्दाम मोठा ग्लोव्ह घालायचा.

२००३ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजच्या आरन बूनने त्याच्याच चेंडूवर होम रन मारून आम्हाला जिंकवलं. पुढच्याच वर्षी, याच दोन संघांच्या त्याच मालिकेतल्या पाचव्या सामन्यात, १३व्या इनिंगमध्ये त्यांचा कॅचर व्हॅरिटेकच्या हातून तीन चेंडू निसटले, माझा श्वास अडकला होता, पण वेकफिल्डने एक धाव दिली नाही. २०२३ मध्ये तो ५७ व्या वर्षी गेला, तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.